केरबा मास्तरांचा शेवट

क्रांती : आजी, लॅपटॉपवर पुन्हा एकदा बघू या. इथून. ती दारात बसलीय, तो वेशीतून येतोय... थांबा, आता. हे बघा, तिचे ओठ हलले.

हरणाबाई : हललं की.

क्रांती : काय म्हणाली?

हरणाबाई : आठवत न्हाई.

क्रांती : बाकीचा सगळा सिनेमा तुम्ही मला तोंडपाठ सांगितलात. विहिरीवरचा प्रसंग तर मी लावायच्या आधीच तुम्ही बोलायला लागला होता. आणि नेमकं शेवटचंच रीळ आठवत नाही?

हरणाबाई : नव्वदी उलाटली माझी. शेवटापतुर दम ऱ्हातोय व्हय? च्या घे तू.

क्रांती : घेतला. दोनदा घेतला.

हरणाबाई : मंग शेंगा घे. आन् मला सांग, ह्या शिनेमाचा आवाज कसा काय हरवला गं?

क्रांती : मागच्या खेपेला सांगितलं की.

हरणाबाई : परत सांग. तू बोलतीस त्ये ऐकाय बरं वाटतंय.

क्रांती : बरं. त्या काळात चित्राची निगेटिव्ह वेगळी आणि आवाजाची वेगळी असायची. चित्राचे डबे आमच्या फिल्म संग्रहालयाला मिरजेच्या एका घरात माळ्यावर सापडले. आवाजाचे नाही सापडले. म्हणून सगळी माणसं बोलतात, पण ऐकू काही येत नाही. आणि ते संवाद ज्यांनी लिहिले त्या केरबा मास्तरांची मुलगी आटपाडीजवळ राहते, हे कळलं म्हणून मी तुमच्याकडे आले.

हरणाबाई : लय दिवस झालं की गं त्याला.

क्रांती : किती खेपा झाल्या ते मी मोजत नाही. तुम्ही सांगायचं आणि मी लिहायचं, पडद्यावर खाली ती वाक्यं उमटतील म्हणजे लोकांना कळेल.

हरणाबाई : म्हंजी पाट्याच.

क्रांती : कसल्या पाट्या?

हरणाबाई : अगं, आमच्या आण्णांनी सुरवात तितनंच केली न्हवं का. औंधाच्या शाळंत मास्तर हुते, ती नोकरी सोडून सांगलीला नाटक कंपनीत गेले, मंग मुका शिनेमा आला. त्यात माणसं नुसती तोंड हलवायची, आन् मधनंच एक काळी पाटी यायची, पांढऱ्या अक्षरातली. त्या पाट्या आण्णा लिवायचे. मंग बोलपट आला तवा आण्णा म्हणाले, सुटलो बाबा, आता माणसं तोंडानं बोलतील. आन् आता तू त्यांच्याच बोलपटाला परत पाट्या लावाय आलीस. आण्णा असते तर लय हासले असते.

क्रांती : रागावले नसते?

हरणाबाई : त्यांस्नी रागवायचं जमतच न्हवतं. तितंच तर घात झाला.

क्रांती : कुठे?

हरणाबाई : शेंगा खा म्हणती न्हवं का.

क्रांती : आजी, रविवारी सांगलीत खेळ आहे. हॉल ठरलाय, पत्रिका वाटल्यात. आमचे सर कालच म्हणाले, म्हातारीला आठवत नसेल तर सोडून दे, आपण ओठ बघून अंदाजाने लिहू. पहिला शब्द तर दिसतोच आहे. बघा. ‘नाथ’ म्हणते ती.

हरणाबाई : नाथ!

क्रांती : का? नाही वाटत?

हरणाबाई : मी कुटं काय म्हणाले.

क्रांती : नाक मुरडलंत तुम्ही. मी बघितलं.

हरणाबाई : म्हातारपणी नाक आपसूक मुरडतंय. लालासाहेब बी हेच म्हणतोय फोनवर.

क्रांती : मुलगा? फोनवर त्याला नाक कसं दिसतं?

हरणाबाई : व्हिडूवर करतोय की, ऐतवारी. ‘आई, जेवलीस का’ म्हणतोय. जेवले म्हणती. ‘गोळ्या घेतल्यास का?’ घेतल्या म्हणती. मंग माझ्या पणतूला, जयराजला, म्होरं धरतोय, त्यो हात हालवतोय. संपलं. फौजंतनं रिटायर झाला तरी हजेरी घ्यायची सवय गेली न्हाई त्याची.

क्रांती : पुण्याला का नाही जात त्यांच्याकडे?

हरणाबाई : जाऊन आले. तितं बी दिवसभर घरात मी आन् टीव्हीच. टीव्ही चांगला बोलतोय, न्हाई असं न्हाई. पर त्यो माझं ऐकत न्हाई.

क्रांती : आजी, एक विचारू? राग मानू नका. तुम्हाला खरंच आठवत नाही, का सांगायचं नाही? प्रत्येक वेळी एकच प्रसंग सांगता. मग म्हणता, आज एवढंच आठवतंय, परत ये. मी दारातून बाहेर पडले की पुढचं वाक्य तुम्ही आत गुणगुणताना मी ऐकलंय. एकदा चप्पल घालताना, एकदा फाटकाशी.

हरणाबाई : कान तिखट हायत की तुझं.

क्रांती : कामच आहे ते माझं.

हरणाबाई : आण्णांनी मला ही खोड लावली. त्यांची रीतच हुती, शेवटचा प्रवेश कंपनीला द्यायचा न्हाई.

क्रांती : म्हणजे?

हरणाबाई : कंपनीत लेखकाला एक खोली मिळायची आन् पंगतीत ताट. नाटक लिवून हुईस्तवर. आई माझी लवकर गेली, म्हणून मी बी त्यांच्यासंगं तितंच. नाटक पुरं झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी मालक हासून इचारायचा, ‘काय मास्तर, गाडी कवाची?’ की आमी बापलेक ट्रंक घिऊन सांगलीच्या टेशनावर. म्हणून आण्णा सारं लिवायचे, आन् शेवटाला म्हणायचे, अजून सुचला नाही. सुचल्याला असायचा. मला पाठ असायचा. मी तोंडातनं चकार शब्द काढायचा न्हाई, अशी ताकीद.

क्रांती : तुम्हाला कसा पाठ?

हरणाबाई : बाईचं वाक्य बाईच्या तोंडातनं ऐकल्याबिगर ते कागदावर घ्यायचेच न्हाईत. कंपनीत बायकांची कामं करायचे बापय. मंग बाई म्हणून मीच. आठ-नऊ वर्सांची बाई! मला मधी उबं करायचे, स्वता येरझाऱ्या घालायचे. बापयाचं वाक्य ते म्हणायचे, बाईचं मी. माझी जीभ अडली की वाक्य बाद. ‘पोरीला म्हणता येत नाही ते नटीला काय येणार’ म्हणायचे.

क्रांती : आणि तुम्हाला अर्थ कळायचा?

हरणाबाई : कशाचा कळतोय! नवरा लढाईवर गेला आन् बाई म्हणती, ‘गावातल्या बाया रोज विचारतात, खुशाली आली का. मी म्हणते आली. रोज एक खोटी खुशाली मी तोंडपाठ करते.’ हे मी चिंचंचा आकडा खात म्हणायची. अर्थ कळला नंतर, लगीन झाल्यावर. मला बी फौजीच मिळाला न्हवं का.

क्रांती : मग, आजी, तुम्हीही शेवटचा प्रवेश दाबून ठेवलात? मी यावं म्हणून?

हरणाबाई : व्हय. त्यात लाजायचं काय? तू फाटक वाजवलंस की मला बरं वाटतंय. आदल्या दिशी मी न्हाती, लुगडं बदलती. दुकानातनं बिस्कुटं आणून घेती. शेवट दिला की तू वही मिटणार, ‘आजी, येते हं’ म्हणणार. आन् मंग कशाला येशील? तुझं बी बरोबर हाय. मी कुणाला ‘गाडी कवाची’ म्हणून इचारलं न्हाई आजपतुर. पर गाडी असतीच.

क्रांती : मी येईन, आजी. काम नसलं तरी येईन.

हरणाबाई : समदी म्हणत्यात. खोटं बोलत न्हाईत. म्हणताना खरंच वाटतंय त्यांस्नी.

क्रांती : मग कसं करायचं? नाही दिलंत तर सर अंदाजाने काहीतरी लिहितील. मास्तरांचं म्हणून लोक भलतंच वाचतील. चालेल तुम्हाला?

हरणाबाई : लिवू देत.

क्रांती : असं कसं म्हणता?

हरणाबाई : लिवू देत. त्ये आण्णांचं न्हवंच.

क्रांती : काय नाही?

हरणाबाई : हे. तुझ्या ह्या डब्यात चाललंय त्ये. नवरा येतोय, ती पळत जाती, पायावर पडती, नाथ म्हणती, मंग दोगं देवीच्या म्होरं हुबी ऱ्हाऊन गाणं म्हणत्यात. ह्यातला एक शब्द बी आण्णांचा न्हाई.

क्रांती : आजी, श्रेयनामावलीत एकच नाव आहे. कथा-संवाद, मास्तर केरबा.

हरणाबाई : नाव कोण पुसत बसतंय? पाटी आदीच रंगवून झाली हुती.

क्रांती : मला नीट सांगा. काय झालं?

हरणाबाई : आण्णांनी हितं बी तेच केलं. नाटकात चालायचं त्ये. नट थांबायचे, मालक खोलीवर चकरा मारायचा, ‘मास्तर, सुचलं का?’ आण्णांस्नी वाटलं शिनेमात बी थांबत्याल. पर शिनेमात तवाच्या जर्मनच्या लढाईमुळं फिलीम मिळत न्हवती. जेवढी आली तेवढ्यात उरकायचं हुतं. मालकानं दोनदा माणूस धाडला. आण्णा म्हणाले, अजून सुचला नाही. तिसऱ्यांदा माणूस आलाच न्हाई.

क्रांती : दुसऱ्याकडून लिहून घेतलं.

हरणाबाई : कंपनीतच एक पेटीवाला हुता, गाणी जोडायचा. त्यानं एका दुपारी शेवट बशिवला. औंधाच्या माळावर शूटिंग झालं. आण्णांस्नी कुणी सांगितलंच न्हाई, आमी खोलीतच. ताट येत हुतं दोन येळंला, म्हणून आण्णांस्नी वाटायचं, अजून आपली वाट बघत्यात.

क्रांती : मग कळलं कधी?

हरणाबाई : थेटरात.

क्रांती : अरे देवा.

हरणाबाई : मला नवं परकर-पोलकं घातलं हुतं. सांगलीचं थेटर, खच्चून भरल्यालं. आण्णा माझ्या कानात म्हणत हुते, आता तुझं वाक्य ऐक, आता हे ऐक. लोक रडत हुते. मी लय फुशारले हुते. मंग ह्ये शेवटचं आलं. तिनं ‘नाथ’ म्हटलं आन् आण्णांनी माझ्या कानाजवळनं तोंड काढून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

क्रांती : आणि मास्तर?

हरणाबाई : त्यांनी बी वाजवल्या.

क्रांती : टाळ्या?

हरणाबाई : व्हय. हळू. मी न्हाई वाजवल्या. भाईर मालक भेटला, कुणातरी मोठ्या माणसाला म्हणाला, हे आमचे केरबा मास्तर. त्यो म्हणाला, ‘मास्तर, शेवट फार झकास.’ आण्णा म्हणाले, ‘आपली कृपा.’ तितं त्यांनी भांडाय पायजे हुतं गं! एकदा तरी वरडाय पायजे हुतं! वरडले न्हाईत. त्यानंतर काय लिवलं बी न्हाई. गावात लग्नाची पत्रिका, कुणाचा सत्काराचा कागुद, मंगलाष्टका, एवढंच. कट्ट्यावर बसून ऱ्हायचे. कुणी इचारलं, मास्तर, नवं काय? तर म्हणायचे, सुचत नाही. ह्या टायमाला खरंच सुचत न्हवतं. सातारला एकदा नाटकवाल्यांनी बोलावलं, भाड्याचं पैसं धाडलं. गेले, आन् टेशनावरनंच परत आले.

क्रांती : हे मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?

हरणाबाई : तू मास्तरांचा शिनेमा म्हणून आलीस. शेवट त्यांचा न्हाई म्हटल्यावर नाव काढून टाकलं असतं तुमी तर? तेवढंच तर ऱ्हायलंय त्यांचं.

क्रांती : नाव नाही काढू देणार. सरांशी मी भांडेन. मास्तरांच्या वाटचंही भांडेन.

हरणाबाई : तू भांडशील. नाकावरनंच दिसतंय.

क्रांती : आजी, मग खरा शेवट काय होता? तुम्हाला पाठ आहे म्हणालात.

हरणाबाई : ह्ये आजपतुर कुणी इचारलं न्हाई बघ. हे ‘ह्यांस्नी’ सांगाय पायजे हुतं मी, आमच्या फौजीला. ते सुट्टीवर आले की वाटायचं, आज आण्णांचं वाक्य म्हणावं. पर घर भरल्यालं. सासू, दीर, जावा, पोरं, पावनं. एवढ्या माणसांत त्ये वाक्य म्हणायचंच न्हवतं. आता घर रिकामं झालंय तर ऐकायला माणूस न्हाई.

क्रांती : मला म्हणून दाखवा.

हरणाबाई : एकटीनं न्हाई म्हणता येत. बापयाच्या वाक्याला मी थांबायची. त्यांची वाक्यं मी माझ्या तोंडात कवाच घेतली न्हाईत.

क्रांती : मी घेते. सांगा, पाठ करते.

हरणाबाई : तीनच हायत. हिकडं कान कर. मोठ्यानं न्हाई सांगायची.

(हरणाबाई क्रांतीच्या कानात बोलतात. क्रांती लॅपटॉप मिटते.)

क्रांती : फोन चालू ठेवू का, आजी? आवाज राहील.

हरणाबाई : ठेव. पर हातात धरू नगंस, तितं कोनाड्यात ठेव. ते सूप दे माझ्याकडं. ती दाणं निवडत असती.

क्रांती : घ्या. करू सुरुवात? ‘सगुणा, मी आलो.’

हरणाबाई : बातम्या सांगाय लागलीस व्हय? आन् आत बसून कोण ‘मी आलो’ म्हणतंय? भाईर जा. उंबऱ्याच्या पल्याड. लढाईवरनं आलाय त्यो. त्याला वाटतंय, ह्या घरात आता मला कोण वळकणार न्हाई.

क्रांती : इथे उभी राहू?

हरणाबाई : आजून मागं. हां. आता लगीच म्हणू नगंस. आदी घर बघून घे.

क्रांती : ...‘सगुणा. मी आलो.’

हरणाबाई : ‘दिसलं मला. वेशीपासून दिसलं.’

क्रांती : ‘रागावलीस?’

हरणाबाई : ‘रागवायला माणूस समोर लागतो. इतकी वर्षं कुणावर रागवायचं होतं मी? भिंतीवर? चुलीवर?’

क्रांती : ‘मी सगळं सांगतो. कुठे होतो, का आलो नाही, सगळं—’

हरणाबाई : ‘आज नका सांगू. बोलणं या घरात पुष्कळ झालं. तुमच्या वाटचंही मीच बोलत होते, माझं मीच उत्तर देत होते. आता तुम्ही आत या आणि नुसते बसा. घरात आणखी कुणीतरी श्वास घेतंय, एवढं मला ऐकू द्या.’

क्रांती : ...

हरणाबाई : आत ये की. उबी का ऱ्हायलीस?

क्रांती : पुढे तो काय म्हणतो?

हरणाबाई : काय न्हाई. तीनच वाक्यं म्हणलं न्हवं का.

क्रांती : मग संपतं कसं?

हरणाबाई : त्यो आत येऊन बसतोय. ती दाणं निवडती. झालं.

क्रांती : कुणीच काही बोलत नाही?

हरणाबाई : न्हाई. म्हणून तर मालकाला आवडलं नसतं. बोलपटाचं पैसं दिल्यालं लोकांनी, आन् हे म्हणत्यात गप बसा!

क्रांती : रविवारी मी शेवटच्या रिळाखाली काहीच लिहिणार नाही. ते दोघं काय गायचं ते गाऊ देत मुक्यानं. दिवे लावायच्या आधी हॉलमध्ये हा आवाज ऐकवीन, तुमचा. तुम्ही याल ना? मी स्वतः येते न्यायला, गाडी घेऊन.

हरणाबाई : आन् तुझा आवाज बी? बापयाचं काम लय वंगाळ केलंस तू.

क्रांती : असू दे. मास्तरांना चालेल.

हरणाबाई : जीभ तर अडली न्हाई तुझी. वाक्य पास म्हणायचं.

क्रांती : आजी, तो किती वेळ बसतो?

हरणाबाई : मी बी हेच इचारलं हुतं तवा. ल्हान हुते, मला कट्टाळा यायचा. म्हटलं, आण्णा, किती वेळ बसायचं त्यानं? तर म्हणाले, ते लिहिणाऱ्याच्या हातात नसतं गं, पोरी. बसणाऱ्याच्या असतं. शेंगा ऱ्हायल्यात ताटलीत.

क्रांती : हो. खाते.

हरणाबाई : क्रांती.

क्रांती : काय, आजी?

हरणाबाई : एस्टी गेली वाटतं तुझी. फाट्यावर हॉर्न वाजला.

क्रांती : ऐकला मी.